काळी दोनचा भार: खानापूरकडच्या एका व्हायोलिनच्या दुरुस्तीचं प्रकरण

जुलै महिन्यात व्हायोलिनच्या तारा फिंगरबोर्डापासून वर जातात. लाकूड हवेतलं पाणी पितं, तबलीचा, म्हणजे वरच्या पातळ फळीचा, उभार वाढतो, मान किंचित पुढे येते आणि वादक सांगत येतो की तार दाबताना बोटं दुखायला लागलीत. मार्च-एप्रिलमध्ये कोरडं वारं सुटलं की नेमकं उलट होतं. तारा खाली बसतात, खुंट्या सैल होऊन सटकतात. बेळगाव-खानापूर पट्ट्यात हे दर वर्षी होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. चेलोला तर हा फरक इतका जाणवतो की जाणकार वादक दोन घोड्या (तारा पेलणारे लाकडी आधार) ठेवतात, दमट दिवसांसाठी बुटकी आणि कोरड्या दिवसांसाठी उंच.

हे व्हायोलिन माझ्याकडे आलं ते ऐन जुलैत, धो धो पावसात, आणि त्याची तक्रार उलटी होती. जाड तार खाली बसली होती. गज जरा दाबून ओढला की ती फिंगरबोर्डावर आपटून झणझणायची. बारीक तार मात्र ऋतूला धरून वर गेलेली. एकाच घोडीवरच्या दोन तारा दोन दिशांना गेल्या असतील तर तो दोष हवेचा नसतो, हे पहिल्याच मिनिटाला कळलं. पुढचं सगळं काम हा भार येतो कुठून, हे शोधण्याचं होतं.

वाद्य आणि वादक

वादक खानापूर तालुक्यातल्या एका गावचे संगीतशिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणतो. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि डावा हात मोकळा ठेवून लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घ्यायची, अशी त्यांची बैठक आहे. आठवडाभर मुलांना शिकवतात आणि एका भजनी मंडळात बुवांच्या साथीला बसतात. बुवा मराठी अभंग, नाट्यपदं आणि कन्नड दासपदं सारख्याच तयारीनं गातात. आपल्या भागात अशा मैफली दोन्ही भाषांत चालतात आणि साथीदाराला दोन्हींचे शब्द पाठ असावे लागतात.

व्हायोलिन मास्तरांच्या वडिलांनी मडगावहून आणलेलं. आत इटलीतल्या क्रेमोनाच्या विख्यात कारागिराचं, स्ट्राडिव्हारीचं, नाव छापलेली चिठ्ठी आहे. तिच्यावर जाऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्खेन आणि आजूबाजूच्या गावांत, अशी व्हायोलिनं घाऊक बनायची. कोणी फक्त माना कोरायचं, कोणी फक्त तबल्या, आणि व्यापारी ते जोडून जगभर पाठवायचे. प्रसिद्ध कारागिरांच्या नावाच्या चिठ्ठ्या सर्रास चिकटवल्या जात. त्यामुळे चिठ्ठी बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही, पण वाद्य हलकं समजून हातावेगळं करण्यातही नाही. यातल्या अनेकांचं लाकूड उत्तम असतं. घाई झालेली असते ती आतल्या कामात.

मास्तरांनी ते आधी दोन ठिकाणी दाखवलं होतं. दोन्ही ठिकाणी काहीतरी करून दिलं गेलं. ते काय, हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, मलाच शोधावं लागलं.

पाहणी

आधी मोजमाप. फिंगरबोर्डाच्या घोडीकडच्या टोकाशी, बोर्ड आणि तार यांच्यातलं अंतर. पाश्चात्त्य पद्धतीच्या मांडणीत जाड तारेखाली साधारण 5 ते 5.5 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 3 ते 3.5 धरतात. मींड-गमकाच्या हाताला मी थोडं कमी ठेवतो. इथे जाड तारेखाली होतं 3.2 आणि बारीक तारेखाली 4.4. म्हणजे उतारच उलटा झालेला.

घोडी वाकून बघितली तर तिच्या जाड तारेकडच्या पायाखाली पोस्टकार्डाचा घडी केलेला तुकडा सारलेला होता. पिवळा कागद, त्यावर तुटक निळी शाई अजून दिसत होती. कोणीतरी तार वर उचलायला तो घातला होता. घोडीचे पाय तबलीला अंगभर चिकटून बसावे लागतात, कारण गजाची थरथर त्या दोन पायांतूनच खाली उतरते. मधे मऊ कागद घातला की ती तिथेच मरते. मास्तर म्हणाले, "आवाज जरा दबलाय असं वाटत होतं, पण झणझण कमी झाली म्हणून गप बसलो."

दुसरी गोष्ट खालच्या फुगवट्याशी, जाड तारेच्या बाजूला. तबली आणि बाजूच्या पट्ट्या यांची शिवण तिथे सुटली असणार, आणि ती सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदानं भरलेली. तो वाळला की प्लास्टिकसारखा चिवट होतो आणि बाहेर आलेला ओघळ नखाला कळतो.

तिसरी गोष्ट आत. एफच्या आकाराच्या भोकातून दात बघायचा छोटा आरसा आणि बारीक बल्ब घातला. साउंडपोस्ट, म्हणजे तबली आणि पाठ यांच्यामध्ये उभा केलेला लाकडी दांडा, बारीक तारेच्या बाजूला उभा होता, पण जागेवर नव्हता आणि लांबीला जास्त होता. तो ठोकून बसवलेला, इतका की वर तबलीला आणि खाली पाठीला त्याच्या कडेचा वळ उठला होता. तबली बसते आहे असं दिसल्यावर लांब पोस्ट घालून ती उचलायचा कोणीतरी प्रयत्न केला होता. उचलली गेली ती भलतीच बाजू. पोस्ट बारीक तारेच्या पायापाशी असतो आणि जाड तारेच्या पायाखाली असतो बासबार, तबलीच्या आतून लांबीला लावलेली पट्टी. बासबारकडची बाजू खचत असेल तर पोस्ट लांब करून एवढंच होतं की तबली तिरकी होते, आणि फार ताणलं तर पोस्टच्या टोकावर उभी चीर जाते. त्या चिरेची दुरुस्ती व्हायोलिनमधल्या सर्वांत किचकट दुरुस्त्यांपैकी एक. ती इथे गेलेली नव्हती, हे मास्तरांचं नशीब.

तबली किती बसली हे बघायला मी पुठ्ठ्याचा साचा वापरतो. घोडीच्या रेषेत, मधल्या जोडापासून कडेपर्यंत, एका बाजूच्या उभाराला तंतोतंत बसेल असा पुठ्ठा कापायचा आणि तो उलटा करून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. चांगल्या तबलीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या येतात. इथे बारीक तारेच्या बाजूचा साचा जाड तारेच्या बाजूला ठेवला तेव्हा घोडीच्या पायापाशी दीड मिलिमीटरची फट राहिली. त्यातली काही लांब पोस्टनं दुसरी बाजू उचलल्यामुळे होती, पण बरीचशी खरी होती. जाड तारेकडच्या एफच्या खालच्या टोकापासून कडेकडे एक बारीक चीरही निघालेली दिसली.

स्वर कुठला?

इथे थांबून दुरुस्तीला हात घातला असता तर दोन वर्षांत तेच व्हायोलिन तसंच परत आलं असतं. तबली एकाच बाजूला का बसली? जुनं लाकूड थकतं, मान्य, पण ते दोन्हीकडे थकतं. मी विचारलं, "मास्तर, सा कुठला धरता?"

"काळी दोन. बुवांचा स्वर तोच की हो."

"आणि जाड तार?"

"मंद्र पंचमात. प-सा-प-सा लावतो. दुसरं काय लावणार ओ?"

खरं उत्तर या दोन वाक्यांत होतं. (काळी दोन म्हणजे हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी.) ते कागदावर मांडतो, कारण आपल्याकडचे बरेच व्हायोलिनवादक याच ठिकाणी नकळत वाद्यावर भार टाकतात.

व्हायोलिनच्या तारा ज्या स्वरांसाठी बनवतात ते पाश्चात्त्य जुळणीचे: जाड तारेपासून पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन, प्रत्येक पुढची तार आधीच्या तारेच्या पंचमात. पांढरी दोनला सा धरला तर या चारी तारा म-सा-प-रे होतात, आणि तशीच जुळवून वाजवणारेही आपल्याकडे आहेत. मास्तरांचा सा काळी दोनला, म्हणून दुसरी आणि तिसरी तार अर्ध्या स्वरानं वर चढते. बारीक तार रे वरून सा वर येते, म्हणजे तिच्या मूळ जागेपासून अर्धा स्वर खाली. आणि जाड तार मध्यमाऐवजी पंचमात, तीही चढलेल्या सा च्या हिशेबानं, म्हणून ती तीन अर्धस्वर वर जाते.

आता तार तीच, लांबी तीच, तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अर्धा स्वर चढवला की सुमारे 12 टक्के वाढ. तीन अर्धस्वर चढवले की 41 टक्के. मध्यम ताणाच्या, सिंथेटिक गाभ्याच्या तारांचा संच धरून ढोबळ आकडे बघू. मूळ जुळणीत जाड तारेवर 4.4 किलो, दुसरीवर 4.1, तिसरीवर 5.5, बारीकवर 7.9. मास्तरांच्या जुळणीत ते होतात 6.2, 4.6, 6.2 आणि 7.0. बारीक तारेकडच्या दोन तारांची बेरीज 13.4 ची 13.2 होते, म्हणजे काहीच बदललं नाही. जाड तारेकडच्या दोन तारांची बेरीज 8.5 वरून 10.8 वर जाते. चौथ्या हिश्शाहून जास्त वाढ, सगळी एकाच बाजूला, बरोबर बासबारच्या डोक्यावर. या ताणाचा साधारण चार दशांश भाग घोडीतून थेट खाली दाबतो. मास्तर स्टीलच्या तारा वापरत होते, त्यांचा ताण बहुधा याहून थोडा जास्तच असतो. आणि हे एका मैफलीपुरतं नाही. घरी गेल्यावरही तार उतरवायची सवय नसल्यामुळे रात्रंदिवस, कैक वर्षं.

यात मास्तरांची चूक म्हणता येत नाही. साथीदारानं गाणाऱ्याचा स्वर धरायचा असतो. व्हायोलिन ज्या परंपरेत घडलं तिथे स्वर वाद्यानं ठरवायचा असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि दोन्हींचा भार ती तबली सोसते. आपल्याकडे दुरुस्ती करणाऱ्यानं म्हणूनच वाद्याच्या आधी वादकाची जुळणी तपासली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खुंटी, तार, घोडी याबद्दल सगळे विचारतात. सा कुठला, हे कोणी विचारत नाही.

तबली उघडताना

व्हायोलिन उघडता येण्यासाठीच बनवलेलं असतं. शिवण जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसानं जोडतात आणि तबलीसाठी तो मुद्दाम पातळ ठेवतात. हवा कोरडी झाली, लाकूड आक्रसलं की आधी शिवण सुटावी, लाकूड फाटू नये, हा त्यामागचा हेतू. सुटलेली शिवण अर्ध्या तासाचं काम असतं, फाटलेली तबली महिन्याचं. पांढरा गोंद नेमकी हीच वाट बंद करतो. टेबल-खुर्चीला तो उत्तम, इथे घातक. सतार-तंबोऱ्याला मिरजेचे कारागीर आपल्याला जवळ आहेत, त्या कामाला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आणि ते योग्यच झालं. पण भोपळ्याच्या वाद्याचं शास्त्र वेगळं आणि या पेटीचं वेगळं. चारी बाजूंनी धरलेली पातळ तबली हे व्हायोलिनचं दुखणं सतारीला त्या रूपात नसतं.

पातळ बोथट सुरी सरसाच्या शिवणीत घातली की ती टिक टिक आवाज करत पुढे सरकते, सरस काचेसारखा तडकतो. वरच्या फुगवट्यात तसंच झालं. खाली पांढऱ्या गोंदापाशी सुरी अडली. तिथे जोर लावला की तबलीची एक सळ पट्टीला चिकटून राहते आणि कायमचा खड्डा पडतो. म्हणून सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, जेमतेम ओलसर ठेवून घालायची, थांबायचं, गोंद मऊ होऊ द्यायचा, दोन मिलिमीटर पुढे जायचं. त्या चार बोटं जागेला बाकीच्या सगळ्या शिवणीहून जास्त वेळ लागला. नंतर तो गोंद दोन्हीकडून पूर्ण काढावा लागला. त्याचा पापुद्रा राहिला तर सरस लाकडाला धरतच नाही.

तबली उलटी केली आणि दुसरं कारण दिसलं. बासबार वेगळा लावलेलाच नव्हता. तबली आतून कोरताना तेवढी कड मधे शिल्लक ठेवली होती. त्या काळच्या स्वस्त सॅक्सन व्हायोलिनांत हे नेहमी आढळतं. सुटा बासबार चिरलेल्या, सरळ धाग्याच्या (लाकडाच्या तंतूंच्या) तुकड्यातून घेता येतो आणि हवा तसा तिरका बसवता येतो. कोरून ठेवलेली कड तबलीच्या धाग्यातच अडकलेली असते, बहुतेक वेळा बुटकी आणि गोलमटोल असते. इथे घोडीखाली तिची उंची 7 मिलिमीटरही नव्हती. चांगल्या बासबारला 11 ते 12 लागते. पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 7 आणि 11 यांत दीडपट नाही, जवळजवळ चौपट फरक पडतो. म्हणजे सर्वांत दुबळ्या जागी सर्वांत जास्त भार, असा दुहेरी योग जमून आलेला.

मास्तरांना घरी बोलावून तबली दाखवली. गिऱ्हाइकाला उघडं वाद्य दाखवायला बरेच कारागीर बिचकतात. मला उलट वाटतं. ज्याचं वाद्य आहे त्यानं एकदा तरी ते आतून बघावं. त्यांनी ती कड बोटानं चाचपली आणि म्हणाले, "एवढीशी होय? आणि हिच्यावर मी एवढी वर्षं पंचम ठेवला?"

पावसात न करण्याचं काम

मास्तरांना व्हायोलिन गणपतीच्या आधी हवं होतं. त्या दहा-अकरा दिवसांत भजनी मंडळाला उसंत नसते. मी नाही म्हणालो, आणि बदल्यात माझ्याकडचं एक साधं व्हायोलिन साथीला दिलं. कारण इतकंच: जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत तबली बंद करणं म्हणजे मार्चमधली चीर आजच कोरून ठेवणं.

यामागचा हिशेब सांगतो. 85 टक्के आर्द्रतेत लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या 17-18 टक्के पाणी धरून असतं. 55 टक्क्यांना ते 10 च्या आसपास येतं, आणि आपल्याकडच्या मार्चच्या दुपारी 7 पर्यंत उतरू शकतं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची तबली खालच्या फुगवट्यात सुमारे 200 मिलिमीटर रुंद असते. भर पावसात चिकटवली तर उन्हाळ्यापर्यंत ती आडव्या दिशेनं दोन मिलिमीटरहून जास्त आक्रसायला बघते. लांबीला ती आक्रसत नाही म्हटलं तरी चालेल. कडेच्या पट्ट्या तिला धरून ठेवतात. मग शिवण सुटते, आणि शिवण नको तितकी पक्की असेल तर तबली धाग्याच्या दिशेनं उभी फाटते.

माझ्याकडे एक जुनं लाकडी कपाट आहे. त्यात तळाशी मंद बल्ब, सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रतामापक. काटा 50 ते 55 वर ठेवायचा. तबली आणि पेटी दोन्ही तिथे. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, ते वजन सांगतं. सराफी काट्यावर तबली तोलत राहायचं. सुरुवातीला 78 ग्रॅम होती, उतरत उतरत 74 वर आली आणि तिथे ठरली. वजन ठरलं की लाकूड ठरलं. घाई करून बल्ब मोठा लावला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि तबली पिळवटते, म्हणून श्रावण तसाच जाऊ दिला.

उभार, चीर, बासबार

खचलेला उभार परत आणायला प्लास्टरचा साचा लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिस गणपतीच्या दिवसांत ज्या-त्या दुकानात मिळतं. तबलीच्या बाहेरच्या अंगाला पातळ प्लास्टिक कागद घालून साचा घेतला, वाळल्यावर त्यात जाड तारेकडची खचलेली जागा खरवडून हवी तेवढी खोल केली. मग तबली साच्यात पालथी ठेवायची, आतल्या बाजूनं त्या जागेला किंचित ओल द्यायची आणि तव्यावर तापवलेल्या वाळूची पिशवी वर ठेवायची. वाळू हाताला सोसेल इतकीच गरम. वजन आणि ऊब दोन्ही मिळाले की स्प्रूस हळूहळू नमतं. एका दमात दीड मिलिमीटर आणायचा हट्ट करू नये. मी सव्वा मिलिमीटरवर थांबलो. शंभर वर्षं जुन्या लाकडाला शेवटच्या पाव मिलिमीटरसाठी छळण्यात काही मिळवायचं नव्हतं.

एफपासून निघालेली चीर पातळ सरसानं बंद केली आणि आतून स्प्रूसच्या छोट्या टिकल्या लावल्या, चिरेला आडवा धागा ठेवून. टिकल्या कडेला पातळ करून घेतल्या, नाहीतर टिकलीच्या कडेवरच नवी चीर जाते.

मग कोरलेली कड पटाशीनं आणि अंगठ्याएवढ्या रंद्यानं काढून तबली आतून सारखी केली. जाडी मोजत राहावं लागतं. या तबलीत काही ठिकाणी 4 मिलिमीटर होती आणि एके ठिकाणी 2.3. जिथे आधीच पातळ तिथे हातही लावला नाही.

बासबार विकत आणलेल्या स्प्रूसचा, आरीनं कापलेला नाही, धाग्यानं चिरलेला. लांबी 270 मिलिमीटर, जाडी 5.5, घोडीखाली उंची 12, दोन्ही टोकांना उतरत 4 वर. बाहेरची कड घोडीच्या पायाच्या बाहेरच्या कडेपासून एक मिलिमीटर आत, आणि पट्टी मधल्या जोडाला किंचित तिरकी. या कामातला खरा वेळ जातो तो बासबार तबलीला बसवण्यात. तबलीवर खडू घासायचा, बासबार जागेवर ठेवून हलकेच दाबायचा, उचलून बघायचं, खडू जिथे लागला तिथे केसाएवढं तासायचं. पुन्हा खडू, पुन्हा तासणं. सुरुवातीला पांढरे ठिपके दोन-तीन जागी असतात, मग ते लांबतात, एकमेकांना भेटतात, आणि शेवटी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी पांढरी रेघ उमटते. तोपर्यंत सरसाचं भांडं गरम करायचं नाही. टोकं किंचित उचललेली ठेवून, दाबून चिकटवण्याचीही एक पद्धत आहे, त्यानं तबलीला आतून उभारी मिळते म्हणतात. मी तसं केलं नाही. या तबलीला आधीच एक सक्ती झाली होती, दुसरी नको. उंचीत मात्र अर्धा मिलिमीटर जास्त ठेवला, मास्तरांच्या पंचमासाठी.

सरस रात्री भिजत घालून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा, 60 अंशांच्या आसपास. उकळला की त्याची ताकद जाते. दमट दिवसांत तो लगेच नासतोही, म्हणून लागेल तेवढाच करायचा. बासबारला घट्ट, शिवणीला पातळ.

जुळवणी

तबली बंद झाली तोवर पाऊस ओसरला होता. साउंडपोस्ट नवा केला, 6 मिलिमीटरचा, मोडीत निघालेल्या एका पियानोच्या साउंडबोर्डातून. पियानोचा बोर्ड स्प्रूसचाच असतो, बारीक रेघांचा आणि पुरता मुरलेला. पोस्ट घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या मागे अडीच मिलिमीटरवर, तारा उतरवल्या तरी पडणार नाही पण ढकलला तर सरकेल इतपत घट्ट. घोडी नवी, मेपलची. पोस्टकार्डाचा तुकडा मास्तरांनी मागून घेतला, त्यावर त्यांच्या वडिलांचं अक्षर होतं.

उंची आली जाड तारेखाली 4.6 आणि बारीक तारेखाली 3.1.

मग तारा आणि स्वर. इथे मास्तरांशी बरीच चर्चा झाली. जाड तार पंचमाऐवजी मध्यमात लावली तर तिच्यावर 41 ऐवजी 12 टक्केच जास्त ताण येईल, हे मी सुचवलं. त्यांनी वाजवून बघितलं आणि मान हलवली. खालचा पंचम मोकळा वाजत नसेल तर अभंगाच्या धृपदाला हात टेकवायला जागाच नाही, म्हणाले. ते खरं होतं. वाद्य वाचवायचं म्हणून वादन बिघडवायचं नसतं. व्हायोलाची जाड तार लावून सगळी जुळणी खाली न्यायची, असाही एक मार्ग आहे, पण त्यासाठी वरचा मोकळा सा सोडावा लागतो आणि खाचा-खुंट्या बदलाव्या लागतात. तोही त्यांना नको होता.

शेवटी ठरलं ते असं. जाड तार कमी ताणाची, सिंथेटिक गाभ्याची. तारा बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या एकाच तारेचे हलका, मध्यम आणि भारी असे प्रकार काढतात, त्यातला हलका. मुलांच्या शिकवणीला आणि घरच्या रियाजाला काळी एक. त्या जुळणीत मंद्र पंचम मूळ जागेपासून अर्धाच स्वर वर राहतो आणि बाकीच्या तिन्ही तारा मूळ स्वराहून खाली येतात, वाद्य निवांत असतं. बुवांबरोबर बसायचं असेल तेव्हा काळी दोन, आणि घरी येऊन पेटी बंद करण्याआधी परत खाली. तारा पूर्ण सैल मात्र करायच्या नाहीत, पोस्ट पडतो. मास्तरांनी विचारलं, "रोज वरखाली करून तार तुटणार नाही का?" तार लवकर झिजेल, हे खरंच. पण तार बदलता येते.

नवरात्रात ते व्हायोलिन बुवांच्या मागे वाजलं. मास्तरांचं म्हणणं, मंद्र पंचमाला पूर्वी कधी नव्हता असा भरीवपणा आलाय, आणि बारीक तारेचा कर्कशपणा कमी झालाय. पहिल्याचं श्रेय बासबारचं, दुसऱ्याचं बहुधा पोस्ट मोकळा झाल्याचं.

मार्चमध्ये मी मुद्दाम परत बोलावलं. उन्हाळ्याच्या नियमाप्रमाणे दोन्ही तारा खाली आल्या होत्या, जाड 4.3 वर आणि बारीक 2.8 वर. दोन्ही सारख्याच, म्हणजे तबली आता हवेबरोबर चालते आहे, पंचमाबरोबर नाही. पुठ्ठ्याच्या साच्यात काहीच बदल नव्हता. खालच्या फुगवट्याला, बारीक तारेच्या बाजूला, दोन बोटं शिवण सुटली होती. तबलीला चीर कुठेही नाही. कोमट सरस आत सोडून शिकंजा लावला आणि मास्तर संध्याकाळच्या गाडीनं वाद्य घेऊन गेले. फिंगरबोर्डावर मींडेच्या रस्त्यावर चर पडू लागलेत, ते रंद्यानं सारखे करायचं काम पुढच्या कोरड्या दिवसांत ठेवलंय.